क्विंटलचा ऊस आणि टनाचा ऊस

गडहिंग्लजला पत्रकारिता शिकवणाऱ्या एका प्राध्यापक बाईंनी विचारलंय: देशाची सार्वजनिक प्रसारणसंस्था एकच, राष्ट्रीय बातम्याही त्याच. आता यंत्रं क्षणात भाषांतर करतात, आवाजही काढतात. हिंदी खेड्यापाड्यांत कळते. मग दिल्लीत एकच चांगलं बातमीपत्र करून ते यंत्राकरवी सगळ्या भाषांत का सोडू नये? जागोजागी केंद्रं, उद्घोषक, भाषांचे विभाग हा खर्च कशासाठी?

बाई, मी आकाशवाणीत बत्तीस वर्षं होतो. उद्घोषक म्हणून लागलो, कार्यक्रम अधिकारी म्हणून निवृत्त झालो, आता कोल्हापुरात असतो. हा प्रश्न आमच्याच बैठकांतून आम्हाला कितीतरी वेळा विचारला गेलाय, आणि विचारणारे लोक वाईट नव्हते. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

उसापासून सुरुवात करू. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान दर, क्विंटलला ३४० रुपये ठरवली, १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर धरून. दिल्लीच्या प्रतीत ही बातमी एवढीच असते आणि ती अचूक असते. तिचं मराठीही बिनचूक करता येतं. तरी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या किंवा कागलच्या शेतकऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. आपल्याकडं ऊस क्विंटलात कुणी बोलत नाही, टनात बोलतात. आपल्या भागाचा उतारा १०.२५ वर थांबत नाही, आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागं ३ रुपये ३२ पैसे वाढतात. म्हणजे एखाद्या कारखान्याचा उतारा १२.२५ असेल, तर एफआरपी टनाला ४,०६४ रुपये होते. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. मग पहिली उचल, म्हणजे पहिला हप्ता, किती, एकरकमी की तुकड्यानं, हे प्रश्न येतात. आपल्या शेतकऱ्याची बातमी इथं सुरू होते, आणि दिल्लीची बातमी याच्या कितीतरी आधी संपलेली असते.

भाषांतर चुकलं असं इथं कुठंच झालेलं नाही. ज्यानं पहिलं वाक्य लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर कोल्हापूरचा माणूस नव्हता, एवढंच. माझं सगळं म्हणणं यावरच उभं आहे. बातमी कोणत्या भाषेत ऐकवली हे मी दुसरं धरतो. ती कोणत्या भाषेत सुचली, हे पहिलं.

आत काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे मुद्दा उघड होईल. दिल्लीच्या वृत्तसेवा विभागात इंग्रजीत आणि हिंदीत मूळ प्रत तयार होते. आम्ही तिला पूल कॉपी म्हणतो. ती भाषांच्या कक्षांकडं जाते. तिथं बसलेल्या माणसाच्या पदाचं नावच 'न्यूजरीडर-कम-ट्रान्सलेटर' असं आहे: स्वतः भाषांतर करायचं आणि स्वतःच वाचायचं. सकाळी साडेआठची आणि दुपारी दीडची मराठी राष्ट्रीय बातमीपत्रं अशीच घडत आली. या माणसांबद्दल मला फार आदर आहे. समोर इंग्रजी कागद, घड्याळात वीस मिनिटं, आणि तरी ऐकणाऱ्याला वाटावं की हे मराठीतच सुचलंय, ही कामगिरी सोपी नव्हे. याच्या जोडीला प्रादेशिक वृत्तविभाग असतात. पुण्याची सकाळी सातनंतरची प्रादेशिक बातमी आणि मुंबईची संध्याकाळी सातची. या बातम्या मराठीतच जन्मतात. भाषेनं दोन्ही मराठीच, पण एकीचा ओघ वरून खाली आहे आणि दुसरीचा खालून वर. तुमच्या प्रश्नात फक्त पहिला ओघ धरलाय.

हे आजचं दुखणं नाही. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं ते एका खासगी कंपनीचं. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारनं ती घेतली, आणि ८ जून १९३६ ला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या वाट्याला सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ, तिरुचिरापल्ली. देशाच्या अडीच टक्के भूभागावर आवाज पोचत होता, लोकसंख्येच्या ११ टक्क्यांपर्यंत. आज आकाशवाणी २३ भाषा आणि १७९ बोलींत बोलते आणि ९२ टक्के भूभागावर पोचते, असे अधिकृत आकडे आहेत. या वाढीचा मला अभिमान आहे, कारण तिच्यातला थोडा भाग मी पाहिला आणि वाहिला. पण भाषांची संख्या ही मला कधीच पुरेशी कसोटी वाटली नाही. एखाद्या बोलीत आठवड्याला पंधरा मिनिटं दिली तरी ती यादीत मोजली जाते.

नावाचंच पाहा. 'आकाशवाणी' हा शब्द आपण दिल्लीचा समजतो. तो प्रसारणात रुळवला म्हैसूरच्या एका खासगी केंद्रानं, १९३५ मध्ये. म्हणजे कन्नड मुलखातला शब्द पन्नाशीच्या दशकात साऱ्या देशाचा झाला. तरी तमिळनाडूत लोकांच्या तोंडी 'वानोली' हाच शब्द राहिला, आणि २०२३ मध्ये इंग्रजीतही फक्त 'आकाशवाणी' म्हणायचं ठरलं तेव्हा तिकडून विरोध झाला. वरून दिलेला शब्द कितीही सुंदर असो, विचारून घेतला नाही तर तो टोचतो.

खालून वर येणारं प्रसारण कसं असतं याचा एक जुना आणि फार चांगला दाखला आपल्याच भागातला आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. मराठी मुलखातले पाच जिल्हे, सुमारे दीडशे गावं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. गावातली माणसं एकत्र बसून ऐकायची, मग चर्चा करायची, आणि चर्चेतून निघालेले प्रश्न केंद्राकडं पाठवायची. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाची पाहणी केली, आणि मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांचं ज्ञान मंडळं नसलेल्या गावांपेक्षा स्पष्टपणे वाढलेलं दिसलं. मी नोकरीला लागलो तेव्हा जुन्या सहकाऱ्यांकडून हे ऐकलं आणि पुढं प्रत्येक शेतीच्या कार्यक्रमात तेच करायचा प्रयत्न केला: आधी प्रश्न घ्या, मग तज्ज्ञ बोलवा.

एकदा पशुपालनाचा फोन-इन होता. डॉक्टर अतिशय जाणकार, पण 'स्तनदाह, स्तनदाह' म्हणत राहिले. फोन येईनात. मी काचेतून खूण केली आणि उद्घोषिकेला सांगितलं, 'दगडी' म्हण. तिनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, म्हशीच्या कासेला दगडी होते ती हीच का?" पुढच्या पाच मिनिटांत फोन थांबेनात. एक आजी सीमेकडच्या गावातून बोलत होत्या, निम्मं मराठी, निम्मं कानडी. त्यांच्या म्हशीची एक सड बंद पडली होती. आजींना हिंदी कळत होती, घरात हिंदी मालिका चालायच्या. पण त्यांनी हिंदीत प्रश्न विचारला नसता, आणि प्रमाण मराठीतही कदाचित विचारला नसता. 'हिंदी सगळ्यांना कळते' या म्हणण्यावर माझं उत्तर हेच आहे. ऐकून कळण्यापुरती भाषा माणूस बाजारातही उचलतो. अडचण सांगायला, भांडायला, जाब विचारायला मात्र त्याला घरचीच भाषा लागते. प्रसारणसंस्थेला माणसाचा नुसता कान हवा असेल तर कळणारी भाषा पुरते. प्रश्न हवे असतील तर पुरत नाही.

आणि आपल्या जिल्ह्याची भाषा तरी एक कुठं आहे? तुम्ही गडहिंग्लजला आहात, तुमच्या तालुक्यातल्या किती गावांत घरी कन्नड चालते हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. चंदगडी बोलीत कोकणी आणि कन्नडचा शेजार कानाला लगेच कळतो. इचलकरंजीत यंत्रमागावर कन्नड, तेलुगू, हिंदी, मारवाडी सगळं ऐकू येतं. निपाणी कर्नाटकात, पण तिथल्या घराघरांत मराठी. रेडिओला सीमा नसल्यामुळं आपल्या दक्षिण भागात धारवाडचं कन्नड केंद्र पूर्वीपासून ऐकलं जातं, आणि पणजीहून कोकणीबरोबर मराठीही येते. कोल्हापूर शहरातल्या बिंदू चौकातल्या माणसासाठी केलेला कार्यक्रम चंदगडच्या माणसाला थोडा परका वाटतो, हे मान्य करायला आम्हा केंद्रातल्या लोकांना वेळ लागला. कोल्हापूरही चंदगडसाठी एक छोटी दिल्लीच आहे. ही गोष्ट मला उशिरा कळली याचं वाईट वाटतं.

कुस्तीचं धावतं वर्णन घ्या. एकलंगी, ढाक, घिस्सा, पुट्ठी. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसलेल्या माणसाला या शब्दांसरशी कुस्ती दिसते. यांचं हिंदी-इंग्रजी करून पुन्हा मराठी केलं तर फक्त 'डाव टाकला' एवढं उरेल.

आता तंत्राकडं वळतो, कारण भाषेचा प्रश्न पुष्कळदा तंत्राच्या वेषात येतो. आमचा सांगलीचा मध्यमलहरी प्रक्षेपक जमिनीला धरून जाणाऱ्या लहरीवर चालायचा. मध्यमलहर डोंगराच्या कडेनं वळते, दूरवर जाते, खरखरत का होईना पोचते. एफएम सरळ रेषेत जातं. मनोऱ्याची उंची १०० मीटर धरली तर सपाट मुलखात साधारण ४० किलोमीटरवर क्षितिज संपतं. मध्ये डोंगर आला की त्याच्याही आधी. कोल्हापूरचं केंद्र १०२.७ मेगाहर्ट्झवर शहरात स्वच्छ लागतं, पण गगनबावड्याच्या दऱ्या, राधानगरीचा वरचा भाग, आजरा, चंदगड इथं ते तसं लागेल अशी आशा धरता येत नाही. देशभर जुने मध्यमलहरी प्रक्षेपक बंद करून एफएमकडं जाण्याचं धोरण आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं प्रसारणाच्या पायाभूत सोयींसाठी २,५३९.६१ कोटींची योजना मंजूर केली, तेव्हा आकाशवाणीचं एफएम ५९ टक्के भूभागावरून ६६ टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट सांगितलं. आधीच्या ९२ शेजारी हे ६६ ठेवून पाहा. मधल्या भूभागात कोण राहतं? डोंगरातली माणसं, आणि बहुतेक वेळा छोट्या बोली बोलणारी माणसं. मोबाइलवरचं ॲप त्यांची जागा घेईल असं म्हणतात. रेंज असेल तिथं घेईलही.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुम्ही पाहिलाय. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, गावंच्या गावं वेढली गेली, वीज गेली, मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपल्या. तेव्हा माळ्यावर पडलेले सेलवरचे रेडिओ लोकांनी खाली काढले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आपल्याकडं पोरासोरांना पाठ असतं. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. अशा वेळी दिल्लीची बातमी 'पश्चिम महाराष्ट्रात पूरस्थिती गंभीर' अशी असते. ती खरी असते आणि देशाला ती कळायलाच हवी. पण प्रयाग चिखलीतल्या माणसाला राधानगरी धरणाचे सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडलेत हे हवं असतं. एका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी भोगावती नदीत येतं. त्याला तो आकडाही नको असतो, 'आज रात्री जनावरं सोडू की उद्या सकाळी' हे हवं असतं. शहरात 'पाणी गायकवाड वाड्यापर्यंत आलं' म्हटलं की ज्याला कळायचं त्याला सगळं कळतं. ही वाक्यं कुठल्याही मूळ प्रतीत नसतात. ती इथल्या माणसानं इथं उभं राहून, नदीकडं बघून बोलायची असतात. कायदाही हेच सांगतो. आकाशवाणी जिच्याखाली येते त्या प्रसार भारती संस्थेच्या १९९० च्या कायद्याच्या १२ व्या कलमात देशातल्या विविध प्रदेशांच्या संस्कृतींना आणि भाषांना पुरेसं स्थान देणं हे संस्थेचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. शिवाय खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःची बातमीपत्रं करायला परवानगी नाही, त्यांनी आकाशवाणीचीच बातमी जशीच्या तशी द्यायची. म्हणजे रेडिओवरची स्थानिक बातमी आकाशवाणीनं दिली नाही तर ती कुणीच देत नाही.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. एका केंद्रावर सकाळचा अर्धा तास आम्ही स्थानिक ठेवला होता: बाजारभाव, एसटीच्या बदललेल्या वेळा, पाणीपातळी, गावच्या जत्रा. वरच्या एका कार्यालयातून आदेश आला की तो अर्धा तास रिलेला, म्हणजे दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम जसाच्या तसा लावायला, द्या, एकसारखेपणा हवा. फिक्स्ड पॉइंट चार्टवर, म्हणजे कार्यक्रमांच्या ठरलेल्या वेळापत्रकावर, एक रेघ मारली गेली आणि कार्यक्रम संपला. पहिल्या आठवड्यात पोस्टकार्डांचा ढीग आला. दुसऱ्या महिन्यात चार-पाच. नंतर एकही नाही. वरच्यांनी त्याचा अर्थ 'श्रोत्यांनी स्वीकारलं' असा लावला. मला ती शांतता अजून छळते. लोकांनी स्वीकारलं नव्हतं, लोक निघून गेले होते.

असे निर्णय बदलतातही, हे मुद्दाम सांगतो. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचं ठरलं होतं. श्रोते, पत्रकार, लोकप्रतिनिधी सगळे बोलले आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

बाहेरच्या देशांचं थोडक्यात सांगतो. स्वित्झर्लंडची सार्वजनिक संस्था चार भाषांत चालते. इटालियन बोलणारे तिथं लोकसंख्येच्या आठ टक्क्यांच्या आसपास आहेत, पण त्यांच्या विभागाला एकूण निधीचा पाचव्या हिश्श्याहून अधिक वाटा मिळतो. डोक्यांच्या हिशेबानं पैसे वाटले तर छोटी भाषा एक धड स्टुडिओही चालवू शकणार नाही, हे तिथं मान्य झालेलं आहे. दुसरा दाखला दक्षिण आफ्रिकेचा, आणि तो तुमच्या विद्यार्थ्यांनी नीट अभ्यासावा. १९६० मध्ये तिथल्या वर्णद्वेषी सरकारनं 'रेडिओ बांटू' काढून झुलू, खोसा, सोथो अशा भाषांत स्वतंत्र सेवा दिल्या. हेतू माणसांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्याचा होता, आणि मजकूर ठरवणारे गोरे होते. भाषा लोकांची, विचार मालकांचा. सत्ता बदलल्यावर त्यातल्याच झुलू सेवेतून आजचं उखोझी एफएम उभं राहिलं, आणि ते आता त्या देशातलं सगळ्यांत जास्त ऐकलं जाणारं केंद्र आहे. भाषा तीच राहिली. पहिलं वाक्य लिहिणारा बदलला.

म्हणून यंत्राबद्दल माझं मत असं. हवामानाचे आकडे, धरणांचे साठे, संसदेच्या कामकाजाचा गोषवारा, यांचं यंत्रानं भाषांतर करावं आणि एका जाणत्या माणसानं ते तपासून सोडावं. पूल कॉपीवरचा घाम वाचला तर मला आनंदच आहे. पण वाचलेला माणूस घरी पाठवू नका, त्याला एसटीत बसवून आजऱ्याला पाठवा. यंत्र जे लिहिलं गेलंय तेच दुसऱ्या भाषेत नेतं. दगडी झालेली म्हैस आधी कुणीतरी ऐकावी लागते. आणि जमलं तर उलट्या दिशेनं यंत्र वापरा: चंदगडची गोष्ट तमिळमध्ये, मणिपूरची गोष्ट मराठीत. आमच्या काळात हे होत नव्हतं. एका राज्याचं सुखदुःख दुसऱ्या राज्यात जायचं तर दिल्लीतून इंग्रजी-हिंदीच्या वाटेनं जायचं, आणि वाटेतच पुष्कळसं गळायचं.

आज खरी तंगी माणसांची आहे. कार्यक्रम विभागात कित्येक वर्षं नियमित भरती जवळजवळ झालेलीच नाही. केंद्रं नैमित्तिक उद्घोषकांच्या जिवावर चालतात. त्यांना महिन्याला मोजक्याच ड्यूट्या मिळतात, तरी पहाटेच्या सभेला, म्हणजे प्रसारणाच्या सत्राला, ते थंडीपावसात वेळेवर येतात. शब्दाचा उच्चार अडला तर त्यांना विचारायला ड्यूटी रूममध्ये पूर्वी एखादा जुना माणूस असायचा. तो आता नाही. भाषा केंद्रात टिकते ती अशा माणसांमुळं, आणि तो खर्च इमारतींच्या आणि प्रक्षेपकांच्या मानानं फारच लहान आहे.

तुमच्या वर्गासाठी एक काम सुचवतो. आठवडाभर सकाळची सभा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका आणि तक्ता करा: किती मिनिटं रिले, किती मिनिटं इथं तयार झालेली, आणि इथल्या मिनिटांत शहराबाहेरच्या माणसाचा आवाज किती. शिरोळचा एक विद्यार्थी, चंदगडचा एक, इचलकरंजीचा एक असे वाटून घ्या. कुठं केंद्र लागतं, कुठं खरखरतं, तेही नकाशावर टिपून घ्या. चंदगडची एखादी मुलगी वर्गात असेल तर उद्घोषकांच्या ऑडिशनची जाहिरात निघताच तिला अर्ज करायला लावा. तिचे उच्चार 'सुधारायला' जाऊ नका. तक्ता झाला की कोल्हापूरला घेऊन या, आपण बसून पाहू. दुपारी चारनंतर मी घरीच असतो.